शेऱ्याचा रकाना

मोजण्याची हौस माणसाला केव्हा लागली हे कोणी सांगावे! मूल बोलू लागते तेव्हा आधी आईला हाक मारते आणि लगेच बोटे मोजू लागते. दिवाळीत तर घरोघरी मोजणीचाच हंगाम असतो. चकल्या किती झाल्या, पणत्या किती लागतील, भाऊबीजेला पाट किती मांडायचे, हे सारे घरच्या बाईच्या ओठांवर असते. पण तिच्या मोजणीत एक शहाणपण असते, ते आपल्या लक्षात येत नाही. फराळ कसा झाला हे ती समोर बसून 'वा वा' म्हणणाऱ्या पाहुण्यांवरून ठरवीत नाही. कोणी लाडू बशीत तसाच ठेवला, कोण दारावरून परत गेले, कोणाच्या घरी ताट पोचलेच नाही, हे तिच्या ध्यानात असते. तिचा खरा हिशेब त्यावरच चालतो.

शिक्षणाच्या कारभारात हे शहाणपण फार वेळा हरवते. आपण वर्ग काढतो, शिबिरे भरवितो, मुलांना पुढच्या शिक्षणासाठी 'तयार' करतो, आणि मग जी मुले शेवटच्या दिवशी समोर बसलेली असतात त्यांनाच विचारतो, "बाळांनो, उपयोग झाला ना?" मुले म्हणतात, "झाला." आपण तसा अहवाल लिहितो आणि फोटो जोडतो.

हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. गेली दोन वर्षे अशा एका मोजणीचे काम माझ्याकडे आहे, आणि त्या कामाने मला जे दाखविले तेवढेच सांगायचे आहे.

मी चित्रकलेची शिक्षिका. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंत. आमच्याकडची जुनी माणसे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात, म्हणून मीही मॅट्रिक. त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि बालाघाटाच्या डोंगरात, नांदेड जिल्ह्याच्या एका टोकाला, शाळेत नोकरीस लागले. रात्री जागून काही कादंबऱ्या लिहिल्या. कॉलेजच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून मी एक दिवसही बसलेले नाही. अशा बाईने 'मुली कॉलेजसाठी किती तयार झाल्या' हे मोजावे, ही दैवाची गंमतच म्हणायची!

झाले ते असे. आमच्या शाळेला जोडून अकरावी-बारावीचे वर्ग आहेत. शहरातल्या एका संस्थेने २०२३ साली तेथील बारावीच्या मुलींसाठी रविवारचा एक वर्ग सुरू केला. इंग्रजी वाचन, थोडे गणित, कॉलेजांची माहिती, आणि वर्षातून एकदा तालुक्याच्या कॉलेजला भेट, असा त्याचा बेत होता. उद्देश चांगला होता आणि शिकवायला येणारी तरुण मंडळीही मनापासून येत. संस्थेला दरवर्षी पैसे देणाऱ्यांपुढे हिशेब ठेवावा लागे, म्हणून मुलींची माहिती भरून पाठवायची होती. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, रकाने सरळ आखायला तुमच्याइतका चांगला हात कोणाचा? तुम्हीच हे बघा." आणि जाता जाता हसून म्हणाले, "फक्त कादंबरी लिहू नका, आकडे भरा."

छापील फॉर्म आले. पहिला वर्गाच्या आरंभी भरायचा, दुसरा शेवटी. पहिल्यात एक प्रश्न होता, 'बारावीनंतर काय करणार?' मुलींनी नर्सिंग लिहिले, शिक्षिका लिहिले, पोलीस भरती लिहिले. आणि बऱ्याच जणींनी 'माहीत नाही' असे लिहिले. दुसऱ्या फॉर्ममध्ये होते, 'वर्गामुळे तुमचा आत्मविश्वास वाढला का? खूप, थोडा, नाही.' मी टेबलाशी उभी होते, शिकविणारी मंडळी दाराशी उभी होती आणि खाऊचे पुडे खिडकीत होते. मुलींनी 'खूप'वर अशा सुबक खुणा केल्या, जणू दारात रांगोळीचे ठिपके काढीत होत्या. अशा वेळी 'थोडा'वर खूण करायला मुलीच्या अंगी केवढा आत्मविश्वास हवा! तो ज्या मुलीपाशी असेल तिला वर्गाची गरजच काय?

हे सगळे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला सांगितले. ती पुण्याला संख्याशास्त्र शिकते. लहानपणी तिला चित्रात रंग भरायचा कंटाळा, पण चौकटी आखायला सांगितले की खूश. ती म्हणाली, "बाई, एकच प्रश्न विचारा. या मुली वर्गाला आल्या नसत्या, तर काय झालं असतं?"

मी म्हटले, "ते कसं कळणार?"

"तेच तर सगळं काम आहे," ती म्हणाली.

आपल्याकडे म्हण आहे की कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. पण कोंबड्याला कधी कोणी विचारले आहे का? रोज आपण आरवतो आणि रोज उजाडते, म्हणजे उजेड आपणच आणतो, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असणार. ज्या मुली आपण होऊन रविवारी चार किलोमीटर चालत वर्गाला येतात, त्यांतल्या कित्येक वर्ग नसता तरीही कॉलेजात गेल्याच असत्या. त्यांच्या पायांतले बळ आपण आपल्या खात्यावर मांडून घेतो. आपला वर्ग सूर्य आहे की कोंबडा, हे ठरवायचे तर वर्गाला न आलेल्या तशाच मुलींचे काय झाले तेही पाहायला हवे.

तिने मला अमेरिकेतली एक हकीगत सांगितली. प्रेसिडेंट जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध मोहीम काढली, त्या मोहिमेतून १९६५ साली तिकडे 'अपवर्ड बाउंड' नावाची योजना सुरू झाली. गरीब घरची मुले, ज्यांचे आईबाप कॉलेजात गेलेले नाहीत अशी मुले, निवडायची. शाळेच्या दिवसांत त्यांना जादा शिकवायचे आणि उन्हाळ्याच्या सुटीत काही आठवडे कॉलेजच्या आवारात ठेवून तिथल्या जीवनाची सवय करायची. ही योजना आजही चालू आहे. पुढे सरकारला वाटले की एवढा खर्च होतो, त्याचे फळ पाहावे. १९९२ पासून दोन वर्षे देशभरच्या ६७ ठिकाणी असे केले की जागांपेक्षा अर्ज जास्त आले तेव्हा सोडत काढून मुले घेतली, आणि निवड झालेल्या व न झालेल्या अशा सुमारे २,८०० मुलांचा पुढे कित्येक वर्षे माग ठेवला. शेवटचा अहवाल २००९ साली आला. तोपर्यंत ती मुले तिशीच्या घरात पोचली होती!

त्यात काय निघाले? सगळी मुले एकत्र धरली तर कॉलेजात जाण्याच्या प्रमाणात या योजनेने फरक पडल्याचे दिसले नाही. ज्यांनी आयुष्य त्या कामात घातले त्यांच्या मनाला काय वाटले असेल! पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. ज्या मुलांनी आरंभी आपण फार शिकू अशी अपेक्षाच धरली नव्हती, त्यांच्या बाबतीत फरक दिसला. ज्यांना आपण शिकणार हे आधीच ठाऊक होते त्यांना योजनेने फारसे काही दिले नाही. ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांना दिले.

वादही खूप झाला. त्या ६७ ठिकाणांतल्या एकाच ठिकाणाला हिशेबात एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक वजन दिले गेले होते. म्हणजे एका गावचा पाऊस मोजून जिल्ह्याचा दुष्काळ ठरविण्यासारखे. शिवाय जी मुले सोडतीत मागे राहिली ती काही हात बांधून बसली नव्हती. त्यांतल्या अनेकांना दुसऱ्या कुठल्या वर्गाचा, दुसऱ्या कुणाचा आधार मिळाला होता. पुढे सरकारने नव्या पाहणीसाठी संस्थांना दुप्पट मुले जमवायला सांगितले, म्हणजे त्यांतली निम्मी तुलनेसाठी बाहेर ठेवता येतील. तेव्हा मात्र लोक चिडले. आशा दाखवून परत पाठवायला मुले जमवायची हे कुठले शास्त्र? २००८ च्या कायद्याने अशी सक्ती बंद केली.

ही हकीगत ऐकून मला दोन रात्री झोप आली नाही. कारण आमच्याही वर्गाला जागा ४५ आणि अर्ज ९० च्या आसपास, असेच होते. मुली आम्ही मुद्दाम जमविल्या नव्हत्या; त्या आपण होऊन आल्या होत्या. निवड गुणांवर करावी असे काहींचे म्हणणे होते. मी म्हटले, "गुण ज्यांना आहेत त्यांना वर्ग कशाला?" शेवटी चिठ्ठ्या टाकायचे ठरले. पाचवीतल्या एका मुलीने सर्वांसमोर घागरीतून चिठ्ठ्या काढल्या. एका वजनदार गृहस्थांची आपल्या भाचीसाठी चिठ्ठी आली होती, पण घागरीतल्या चिठ्ठ्यांत तिची भर पडली नाही. मी दोन याद्या केल्या. एक निवडलेल्यांची, एक राहिलेल्यांची. संस्थेला फक्त पहिली हवी होती. दुसरी मी माझ्यासाठी ठेवली.

आता प्रश्न आला माग ठेवण्याचा. संस्थेच्या कागदात लिहिले होते की बारावीच्या निकालानंतर मुलींना फोन करावा. फोन म्हणजे बहुधा बापाचा, नाहीतर थोरल्या भावाचा. आमच्या भागातून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायचे आणि पाडव्याच्या सुमारास परत यायचे. मधल्या काळात फोनचा नंबर बदलतो, फोन बंद पडतो, फोन विकलाही जातो. मी मे महिन्यात फोन लावू लागले तेव्हा निम्म्या ठिकाणी पलीकडून यंत्रातली बाईच बोलली. संस्थेचे एक गृहस्थ मला समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बाई, ज्यांचा संपर्क झाला नाही त्यांना एकूण संख्येतून वगळून टाका. टक्केवारी चांगली येईल."

टक्केवारी चांगली येईल यात शंका नव्हती. ज्या मुली कॉलेजात गेल्या त्यांचा फोन लागतो. ज्यांचे लग्न झाले, ज्या कारखान्यावर गेल्या, ज्या धाकट्या भावंडांना सांभाळत घरी बसल्या, त्यांचाच फोन लागत नाही. त्यांना वगळले की उरते ते सारे यशच! शेतकऱ्याने उगवलेली रोपेच मोजावी आणि बियाणे शंभर टक्के चांगले होते म्हणावे, तसे हे आहे.

'असर' नावाची देशभरची पाहणी अनेकांना माहीत असेल. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ती करते. तिचा एक नियम मला फार आवडतो. ती शाळेत जाऊन मुले तपासत नाही, घरी जाऊन तपासते. शाळेत जी असतील ती मुले हजर. घरी गेले की गैरहजरही हजर होतात. २०२३ साली त्यांनी २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या ३४,७४५ मुलामुलींना असे घरी जाऊन गाठले. महाराष्ट्रातला जिल्हा होता आमचा नांदेडच. सगळ्या जिल्ह्यांचे मिळून निघाले ते असे की १०० तली ८६ हून अधिक मुले कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजात नाव असलेली होती, पण सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा धडा सलग वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे १०० तल्या ४३ जणांनाच जमले. पटावर नाव असणे निराळे आणि तयारी असणे निराळे, हे त्या आकड्यांनी दाखविले. आणि ते दिसले, कारण मोजणारे पायी दारापर्यंत गेले.

तेव्हा मीही वही काखेत मारून निघाले. मे महिन्याचे ऊन आमच्याकडे काय असते ते सांगायला नको. निवडलेल्या आणि राहिलेल्या अशा दोन्ही याद्यांतल्या घरी जायचे मी ठरविले होते. पहिल्या यादीतल्या घरी पाणी मिळे, गूळ मिळे, बसायला सतरंजी मिळे. दुसऱ्या यादीतल्या घरीही मिळे; पण एका घरी मुलीच्या आईने मला उंबऱ्यातच थांबविले. टोळीवरून परतून त्यांना महिना झाला होता. हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे अजून होते. ती रागावून नव्हे, खरेच कळत नाही म्हणून विचारीत होती.

"बाई, आमच्या पोरीची चिठ्ठी निघाली नाही, ते सोडा. नशिबाची गोष्ट. पण वर्गात तर घेतलं नाही, मग आता तिला मोजायला कामून आलात?"

मी पुष्कळ सभांतून बोलले आहे. कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडी मी शेकडो उत्तरे घातली आहेत. त्या दारात मला एक वाक्य सुचेना. शेवटी म्हटले, "ताई, तिला सोडून मोजलं तर ती कुणालाच दिसणार नाही, म्हणून आले."

बाईने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दिसून काय होतंय?" पण तिने दार सोडले आणि मला आत घेतले.

मुलगी आत कणीक मळीत होती. हात धुऊन ती एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड, सगळे एकत्र कोंबलेले. मार्क बरे होते. बी. ए.ला जायची इच्छा होती. उत्पन्नाचा दाखला नव्हता, बँकेचे खाते आधारला जोडलेले नव्हते, आणि प्रवेशाचा नि शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवर कसा भरायचा हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "बाई, एवढं भरून देता?"

वाचकहो, येथे माझी खरी पंचाईत झाली. ही मुलगी दुसऱ्या यादीतली. वर्गाची मदत न मिळालेल्या मुलींचे काय होते, हे जिच्यावरून पाहायचे ती. मी तिला मदत केली तर दोन याद्यांतली भिंतच पाडल्यासारखे होणार. अमेरिकेतल्या त्या हिशेबात हीच गोष्ट लोकांना नडली होती. आणि न करावी तर? समोर एक मुलगी पिशवी उघडून बसली आहे, आणि मी तिला म्हणायचे का की, "बाळ, तू तुलनेसाठी आहेस, तुला मदत करून चालणार नाही"?

मी पुण्याला फोन लावला. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, अर्ज भरा आणि शेऱ्यात तसं लिहा. लपवलं तर आकडा खोटा होतो. लिहिलं तर आकडा नुसता अवघड होतो. अवघड आकड्याचं काय करायचं ते आम्ही शिकतोय."

माझ्या वहीत सगळ्यात शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता, दोन बोटे रुंदीचा. आधीच्या रकान्यांत फक्त 'होय' आणि 'नाही'. त्या दिवशी मी त्या मुलीच्या नावापुढे लिहिले, 'अर्ज मी स्वतः भरून दिला. तहसीलीत बरोबर गेले.' त्यानंतर तो रकाना मला पुरेना. मी घरी येऊन प्रत्येक पानाला उजवीकडे कागदाची एक पट्टी चिकटविली. मुख्याध्यापकांनी वही पाहिली आणि म्हणाले, "झाली ना कादंबरी सुरू!"

पण ती कादंबरी नव्हती. कादंबरीत एका मुलीचे दुःख मनापासून सांगितले की पुरते. वाचक तेवढ्यावरून साऱ्या मुली ओळखतो. वहीत तसे चालत नाही. एकीची गोष्ट कितीही हृदयस्पर्शी असली तरी दुसऱ्या ८९ जणींना ती झाकू शकत नाही. आणि उलट, ९० जणींचा नुसता आकडा घेतला तर त्यातली कोणती मुलगी कुठल्या दगडाला अडखळली ते कळत नाही. मला माझे दोन्ही धंदे पहिल्यांदाच एकमेकांच्या उपयोगी पडताना दिसले.

शेऱ्याचे रकाने एकाखाली एक वाचू लागल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. मुली इंग्रजीला अडल्या नव्हत्या, माहितीलाही अडल्या नव्हत्या. त्या कागदांना अडल्या होत्या, आणि मे-जून महिन्यांना. बारावीचा निकाल लागतो तेव्हा शाळा सुटलेली असते आणि कॉलेज लागलेले नसते. मुलगी कोणाचीच नसते. नेमकी तीच लग्नसराई. पहिल्या यादीतली एक मुलगी, जिने सगळ्या खुणा 'खूप'वर केल्या होत्या, तिचे अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. मे महिन्यात तिचे लग्न झाले. मी तिच्या सासरच्या गावी गेले. तिने चहा केला, सासूसमोर हसून म्हणाली, "बाई, वर्ग फार चांगला होता." मी तिच्या नावापुढे 'कॉलेज: नाही' असे लिहिले आणि शेऱ्यात लिहिले, 'प्रवेश-अर्जाच्या आधी तीन आठवडे लग्न.'

हे काही आमच्याच डोंगरातले नाही. अमेरिकेतही कॉलेजात जायचे नक्की ठरलेल्या १०० मुलांतली दहा ते वीस त्या एका उन्हाळ्यात गळतात, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. याला ते उन्हाळ्यातले वितळणे म्हणतात. आणि कागदांविषयी तर त्यांनी एक फार शहाणा प्रयोग केला. २००८ साली ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत, प्राप्तिकराचे विवरण भरून देणाऱ्या दुकानांत, गरीब पालकांना तिथल्या तिथे मुलांच्या शिक्षण-साहाय्याचा अर्जही भरून दिला. काहींना नुसते माहितीपत्रक आणि मदत किती मिळेल याचा अंदाज दिला, काहींना काहीच दिले नाही. पुढे तीन वर्षांत दिसले ते असे की ज्यांचा अर्ज भरून दिला त्या घरच्या शाळा संपविणाऱ्या मुलांतील दोन वर्षे कॉलेज पुरे करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात काही फरक पडला नाही. माहिती सांगणे आणि हात धरून काम करून देणे यांत केवढे अंतर आहे, ते या दोन ओळींत आहे. आपल्याकडेही सवलती पुष्कळ आहेत. २०२४ सालापासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ आहे. पण माफी मागायलाही दाखला लागतो, आणि दाखल्याला बापाची मजुरी बुडवावी लागते.

दिवाळीच्या सुटीत मी पुन्हा एकदा सगळी घरे फिरले. मुद्दाम तेव्हाच, कारण टोळ्या निघण्यापूर्वी सगळे घरी असतात. मग दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडल्या. ज्या मुलींनी पहिल्याच दिवशी 'नर्सिंग', 'शिक्षिका' असे ठामपणे लिहिले होते, त्यांच्यात वर्गाला आलेल्या आणि न आलेल्या यांत मला फरक असा दिसला नाही. ज्यांनी 'माहीत नाही' असे लिहिले होते, त्यांच्यात मात्र वर्गातल्या जास्त मुली कॉलेजात पोचल्या होत्या. संख्या लहान आहे. चार मुली इकडच्या तिकडे झाल्या तर चित्र बदलेल, हे मी अहवालात पहिल्याच ओळीत लिहिले. मी अर्ज भरून दिलेल्या मुलींची नावे निराळी काढून दाखविली. एकही नाव वगळले नाही. टक्केवारी अर्थातच पडली.

मुख्याध्यापक काळजीत होते. "बाई, हे वाचून ते वर्गच बंद करतील. मग आहे तेवढंही जाईल." त्यांची भीती खोटी नव्हती. खरे सांगितल्याने चांगली कामे बंद पडलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण मी त्यांना म्हटले, "सर, खोटं सांगून चालू ठेवला तर पुढची दहा वर्षं आपण त्याच रविवारी तेच इंग्रजी शिकवत राहू, आणि मुली त्याच जूनमध्ये गळत राहतील."

अहवाल गेला. महिनाभर उत्तर आले नाही. मग त्या तरुण मंडळींतली दोघे स्वतः आली. त्यांनी वही मागितली, अहवाल नव्हे. व्हरांड्यात बसून दिवसभर त्यांनी शेऱ्याचे रकाने वाचले. वर्ग बंद झाला नाही, पण बदलला. रविवार कमी झाले. जानेवारीपासूनच दाखल्यांचे काम सुरू झाले, आणि मे-जूनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल मांडले, त्यावर अर्ज भरून मिळू लागले. टेबलाला सोडत नाही. जी येईल तिचा अर्ज. वर्गाच्या जागांसाठी चिठ्ठ्या अजून आहेत, पण आता त्या 'माहीत नाही' लिहिणाऱ्या मुलींपुरत्या. हेही बरोबर की चूक, ते पुढच्या मोजणीत दिसेल.

आणि ती पिशवीवाली मुलगी? ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे मी वर्गाच्या यशात लिहू शकत नाही, कारण ती वर्गात नव्हती. आणि वर्गाशिवायही मुली जातात याचा पुरावा म्हणूनही लिहू शकत नाही, कारण तिचा अर्ज मी भरला. हिशेबाच्या दृष्टीने ती कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिच्या पाठची बहीण यंदा बारावीला आहे. आई-वडील ऊसतोडीला गेले की धाकट्या भावाचे जेवण-खाण तिच्याकडे येते. तिने यंदाच्या फॉर्मवर 'माहीत नाही' असे लिहिले आणि तिचीही चिठ्ठी निघाली नाही. मे महिन्यात तिला टेबलापाशी येता येईल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

तिच्या आईने विचारले होते, "दिसून काय होतंय?" त्याचे पुरते उत्तर माझ्यापाशी अजून नाही. एवढे मात्र सांगता येईल की तिची थोरली मुलगी दिसली, म्हणून व्हरांड्यात ते टेबल आले. या दिवाळीलाही टोळ्या निघण्याआधी मला शेजारच्या तीन वाड्या करायच्या आहेत. वहीला नव्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या आहेत.